आयत, सोने आणि आटणी

मराठी शाळेतली मुले ज्या आकृतीला 'आयत' म्हणतात, तिला उर्दू शाळेत 'मुस्ततील' म्हणतात. उर्दूत 'आयत' म्हणजे कुरआनातले वचन. त्यामुळे उर्दूत शिकलेले मूल मराठी भूमितीच्या पुस्तकाकडे वळले की 'आयताचे क्षेत्रफळ काढा' ह्या वाक्यावर क्षणभर थबकते. हा लेख भूमितीचा नाही, पण आयताचाच आहे. मनगटावर बांधायच्या, सोन्याच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या आयताचा. साधारण १९१७ ते १९५० ह्या काळात पॅरिस, जिनिव्हा, बील, सिनसिनाटी अशा गावांत ही आयताकृती सोन्याची घड्याळे घडली. आज ती संग्राहकांच्या दुनियेत दुर्मीळ समजली जातात. दुर्मीळ का, असे विचारले तर नेहमीचे उत्तर मिळते की ती मुळातच थोडी बनली. ते खरे आहे. पण जी बनली त्यांतलीही पुष्कळशी सराफाच्या मुशीत गेली, हे दुसरे उत्तर कुणी फारसे सांगत नाही. मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी आकाराबद्दल. घड्याळ गोल का असते? कारण त्याच्या पोटातली चाके गोल आणि काट्यांचा प्रवासही गोल. खिशातले घड्याळ शतकानुशतके गोलच होते. खिशात कोपरे टोचतात, हेही एक साधे कारण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मनगटावर घड्याळ बांधणे हा बायकांचा शौक मानला जाई. पुरुष साखळी लावून खिशात ठेवी. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत हे चित्र पालटले. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात नकाशा असलेला सैनिक खिसा कसा चाचपणार? युद्ध संपले तेव्हा मनगटी घड्याळ पुरुषी झाले होते. मात्र ते अजून खिशातल्या घड्याळाचे लहान भावंड दिसत होते. कान जोडलेले, पट्टा ओवलेला, पण जात तीच.

मनगट गोल नाही. वरून पाहिले तर ती एक पट्टी आहे आणि पट्टीवर शोभतो तो आयत. ही गोष्ट सर्वांत आधी ज्यांच्या ध्यानात आली त्यांत पॅरिसचा जवाहीर लुई कार्टिए होता. १९०४ मध्ये त्याने ब्राझीलचा विमानवीर सांतोस-द्युमाँ ह्याच्यासाठी चौरस घड्याळ केले होते. १९१७ मध्ये त्याने 'टँक' रेखाटले. नाव रणगाड्यावरूनच आले. रेनो कंपनीच्या रणगाड्याकडे वरून पाहिले तर दोन बाजूंना दोन लांब पट्टे आणि मध्ये चालकाची खोली दिसते. टँक घड्याळाच्या दोन बाजूंच्या उभ्या दांड्या आणि मधली तबकडी तशीच. पहिला नमुना अमेरिकन सेनानी जनरल पर्शिंग ह्यांना भेट दिला, असे कंपनीचा इतिहास सांगतो. विक्रीला ती घड्याळे १९१९ मध्ये आली आणि त्या वर्षी आली ती अवघी सहा. संहाराच्या यंत्रावरून इतकी नाजूक वस्तू सुचावी, ह्यात युरोपच्या त्या पिढीचे काहीतरी उमटले आहे.

ह्या टँकची एक गंमत आपल्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. १९२६ च्या 'द सन ऑफ द शेख' ह्या मूक चित्रपटात रुडॉल्फ व्हॅलेंटिनो अरब शेख झाला. वाळवंट, तंबू, घोडे, डोक्याला रुमाल, आणि मनगटावर पॅरिसचे आयताकृती टँक! ते त्याचे स्वतःचे घड्याळ होते आणि ते काढायला तो तयार नव्हता. हॉलिवूडने रंगवलेल्या अरबाच्या अंगावर खरे असे काही असेल तर ते एवढेच, आणि तेही फ्रेंच.

१९२५ मध्ये पॅरिसला सजावटीच्या कलांचे मोठे प्रदर्शन भरले आणि सरळ रेषा, कोन, पायऱ्या ह्यांची जी शैली पुढे आर्ट डेको म्हणून ओळखली गेली तिचा जगभर बोलबाला झाला. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या इमारती आणि इरॉस, रीगलसारखी चित्रपटगृहे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती शैली वेगळी समजावून सांगायला नको. आयताकृती घड्याळ म्हणजे मनगटावरची मरीन ड्राइव्हच. तबकडीवरचे आकडे उभे ताणलेले, कडा पायरीपायरीने उतरलेल्या.

पण बाहेरून आयत केला तरी आतले मशीन गोलच राहिले तर कोपऱ्यांची जागा फुकट जाते, आणि मशीन फार लहान करावे लागते. मशीन लहान म्हणजे बॅलन्स व्हील लहान, आणि ते लहान म्हणजे वेळ चुकण्याची शक्यता अधिक. म्हणून खरे कारागीर मशीनही आयताकृती करू लागले. बीलच्या एग्लर कारखान्याने केलेले लांबट मशीन रोलेक्सने १९२८ मध्ये आपल्या 'प्रिन्स'मध्ये वापरले. त्यात स्प्रिंगचे बॅरल एका टोकाला आणि बॅलन्स दुसऱ्या टोकाला. त्यामुळे दोन्ही मोठे ठेवता आले. एकदा चावी दिली की घड्याळ दोन दिवसांहून अधिक चाले. तबकडीचेही दोन भाग: वर तास-मिनिटे, खाली सेकंदांचे स्वतंत्र मोठे वर्तुळ. नाडी मोजताना वरचे काटे आड येत नसत म्हणून लोक त्याला 'डॉक्टरांचे घड्याळ' म्हणत. एग्लरशी संबंध असलेल्या सिनसिनाटीच्या ग्रुएन कंपनीने १९३५ मध्ये आणखी पुढची मजल मारली. तिच्या 'कर्व्हेक्स'मध्ये मनगटाच्या गोलाईप्रमाणे केसच नव्हे तर मशीनही वळवलेले होते. पटेक फिलिपने १९३४ मध्ये आपले आयताकृती मशीन आणले आणि ते पुढे तीसेक वर्षे वापरले. हे सारे सांगतो ते एवढ्यासाठी की ह्या घड्याळात सोने ही सर्वांत कमी मेहनतीची गोष्ट होती. अनेक घड्याळांत सोने भरते ते तोळ्याच्या आसपास. खरी मेहनत आत होती, आणि आतल्या मेहनतीला मुशीत किंमत नसते.

ह्या घड्याळांच्या विक्रीची एक कथा तर थेट आपल्या भिशीची वाटावी. ब्राझीलच्या रिओ दि जानेरो शहरात गोंडोलो आणि लाबूरियो नावाची पेढी होती. १८७२ पासून १९२७ पर्यंत ती पटेक फिलिपची घड्याळे विकत असे आणि जिनिव्हाच्या मालाचा मोठा वाटा एकटी उचलत असे. महाग घड्याळ एकदम घेणे जमत नाही, म्हणून पेढीने मंडळे काढली. एका मंडळात १८० सभासद. प्रत्येकाने ७९ आठवडे आठवड्याला १० फ्रँक भरायचे आणि दर आठवड्याला चिठ्ठी काढायची. जिचे नाव निघेल त्या व्यक्तीला घड्याळ मिळे आणि पुढचे हप्ते माफ. पहिल्याच आठवड्यात नाव निघाले तर घड्याळ जवळजवळ फुकट. भिशी म्हणावी तर भिशी, पण पुढचे हप्ते माफ होण्याच्या कलमापाशी आपल्याकडच्या मौलवीसाहेबांच्या भुवया नक्कीच उंचावल्या असत्या. आधी ह्या योजनेत खिशातली घड्याळे असत, पुढे मनगटी चौकोनी आणि आयताकृतीही आली. १९९३ मध्ये पटेकने गोल नसलेल्या आपल्या घड्याळांच्या मालिकेला 'गोंडोलो' हेच नाव दिले.

हिंदुस्थानचा ह्या आयताशी संबंध आहे तो पोलोमुळे. हा खेळ आपल्या इतिहासात चौगान म्हणून येतो. कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मरण पावला. अकबराला त्याचा भारी नाद होता. मणिपूरमध्ये हा खेळ टिकून राहिला, तिथून तो इंग्रजांनी उचलला आणि छावणी-छावणीत नेला. १९३० च्या सुमारास सेझार द त्रे हा स्विस व्यापारी हिंदुस्थानात आला असता इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले: सामन्यात घड्याळाची काच फुटते, काहीतरी उपाय करा. उपाय निघाला तो असा की घड्याळाची केस चौकटीत सरकवून उलटी फिरवायची. काच आत, धातूची पाठ बाहेर. फ्रेंच अभियंता रने-अल्फ्रेद शोव्हो ह्याने ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज केला. घड्याळाचे नाव 'रिव्हर्सो'. जिनिव्हाच्या वेंगर पेढीने केस केली. लकूल्त्र कारखान्याचे स्वतःचे योग्य मशीन तयार नव्हते म्हणून सुरुवातीला ताव्हान कंपनीचे मशीन बसवले. गोल घड्याळ असे उलटता येणार नाही असे नाही, पण आयत सरळ खाचेत सरकतो. इथे आकार ही नुसती फॅशन राहिली नाही, ती गरज झाली.

रिव्हर्सो पोलादात निघाले आणि सोन्यातही. मैदानावर पोलादी, मेजवानीला सोन्याचे. आणि उलटल्यावर दिसणाऱ्या कोऱ्या पाठीचे काय करायचे, हे संस्थानिकांनी आणि साहेबांनी लगेच ठरवले. कुणी पलटणीचे चिन्ह कोरले, कुणी आद्याक्षरे, कुणी मीनाकारीत प्रियजनांचे चित्र काढून घेतले. चौगानच्या मुलखात निघालेल्या तक्रारीतून युरोपातले एक अतिशय देखणे घड्याळ जन्मले, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कुठे नसते. कोपऱ्यात एका ओळीत असायला हरकत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर आयताची पीछेहाट झाली. कारणे रोकडी आहेत. गोल केसची पाठ आटे पाडून फिरकीसारखी घट्ट बसवता येते, आयताची बसवता येत नाही. १९२६ चे रोलेक्सचे 'ऑयस्टर' पाण्यात टिकले ते ह्याच युक्तीवर. आयताकृती केसच्या सांध्यांतून घाम, धूळ, दमट हवा आत शिरे. दुसरे, हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारे घड्याळ १९३१ नंतर सुधारत गेले. त्यातला अर्धगोल वजनी तुकडा पूर्ण गोल फिरतो; त्याला गोलच घर हवे. ज्याला पोहायचे आहे, रोज चावी द्यायची नाही, त्याने आयत का घ्यावा? कंपन्यांनीही हळूहळू माघार घेतली. रिव्हर्सो तर बंदच पडले होते. १९७२ मध्ये ज्यॉर्ज्यो कोर्व्हो नावाच्या इटालियन व्यापाऱ्याने कारखान्यात पडून असलेल्या सुमारे २०० रिकाम्या केस उचलल्या, त्यांत मशिने बसवली आणि इटलीत बघता बघता विकून टाकल्या. तेव्हा कुठे कारखान्याला आपल्या अडगळीची किंमत कळली.

आता सोन्याकडे येतो. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या दशकापासून सोन्याच्या केसवर सरकारी शिक्का मारण्याची पद्धत आहे. १८ कॅरेटला हेल्व्हेशिया ह्या स्त्रीचे मस्तक, १४ कॅरेटला खारीचे चित्र. १९९५ नंतर दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके आले. जिनिव्हाच्या केसकारांची खूण म्हणजे किल्लीचे चित्र आणि त्यात क्रमांक. इंग्लंडमध्ये ९ कॅरेटही चाले, म्हणजे हजारात फक्त ३७५ भाग सोने. अमेरिकेत १४ कॅरेट आणि त्याहूनही अधिक 'गोल्ड फिल्ड', म्हणजे आपल्याकडचे रोल्ड गोल्ड: पितळेवर दाबून बसवलेला सोन्याचा जाड पत्रा. आज संग्राहक भिंग लावून हे शिक्के शोधतात. सराफानेही तेच शिक्के पाहिले होते. फरक इतकाच की संग्राहकाला शिक्क्यातून घड्याळाचा जन्म कळतो आणि सराफाला त्याचे वजन-भाव.

१९७० च्या दशकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ 'ॲस्ट्रॉन' बाजारात आणले. पुढच्या दहा वर्षांत बॅटरीची घड्याळे इतकी स्वस्त आणि अचूक झाली की चावीचे मशीन दुरुस्त करण्यात लोकांना अर्थ वाटेना. आणि त्याच दशकात सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलरच्या आसपासून चढत चढत २१ जानेवारी १९८० रोजी ८५० डॉलरवर गेला. म्हणजे घड्याळाच्या आतल्या वस्तूची किंमत शून्याकडे आणि बाहेरच्या धातूची आकाशाकडे. युरोप-अमेरिकेत कपाटांतली, लॉकरांतली वडिलोपार्जित घड्याळे वजनकाट्यावर आली. मशीन उचकटून बाजूला टाकायचे, तबकडी फेकायची, केस मुशीत घालायची. प्रिन्स असो की पटेक, आटणीनंतर सगळे सोने सारखेच पिवळे. आयताकृती घड्याळांवर ही कुऱ्हाड जास्त पडली असणार असे मला वाटते, कारण तेव्हा ती जुनाटही वाटत होती आणि बहुतेक सोन्याचीच होती.

आपल्या देशातला मामला निराळा. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधने आली, १९६१ पासून एचएमटीचे घड्याळ बंगळूरहून येऊ लागले. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी केली आणि हजारो सोनार बेकार झाले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोने ही घरात लपवायची वस्तू होती. दुबईहून पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने जे येई त्यात सोन्याची बिस्किटे आणि स्विस घड्याळे ह्या दोन जिनसा ठरलेल्या. कोकणच्या कित्येक कष्टाळू मुसलमान कुटुंबांना, ज्यांनी आयुष्यात जहाजावर खलाशाचे काम सोडून काही केले नाही, ह्या बातम्यांमुळे उगाचच तिरक्या नजरा सोसाव्या लागल्या. मुलगा आखातातून किंवा बोटीवरून आला आणि मनगटावर काही चकाकले की गावात कुजबूज. अशा वातावरणात जुन्या घड्याळाचा इतिहास कोण विचारणार? त्याची पावती मागितली जाऊ नये, एवढीच घरच्यांची इच्छा.

आणि आपल्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहेच. सोने आणि रेशीम उम्मतीच्या पुरुषांना निषिद्ध आणि स्त्रियांना मुभा, हे हदीसमधून सर्वांना माहीत आहे. तरी आपल्या लग्नांत दुल्ह्याला घड्याळ देण्याची रीत आहे, आणि ते पिवळेधमक असावे असा सासरचा आग्रह असतो. मग मशिदीच्या पायरीवर वाद होतो: हे सोने आहे की मुलामा? फिकहच्या ग्रंथांत ह्याची जी कसोटी सांगितली आहे ती मला विलक्षण वाटते. भांडी आणि हत्यारे ह्यांच्या संदर्भात फकीहांनी विचारले: ही वस्तू आगीवर धरली तर तिच्यातून सोने वेगळे निघते का? निघत असेल तर ते सोने. निघत नसेल, नुसता रंग असेल, तर हुकूम सौम्य. शाफई ग्रंथांत आगीचा हा निकष स्पष्ट आहे, हनफी उलेमांनीही वेगळे न होणाऱ्या मुलाम्याला सवलत दिली आहे. कोकणात शाफई आणि घाटावर हनफी अशी आपली विभागणी. घड्याळाच्या मुलाम्यापुरते दोघे जवळ येतात. आजच्या बहुतेक मुफ्तींचे म्हणणेही असेच, की भरीव सोन्याचे घड्याळ पुरुषाने घालू नये, पातळ मुलाम्याचे चालेल पण टाळलेले बरे.

म्हणजे सराफाची कसोटी आणि फकीहाची कसोटी एकच निघाली, आग. पण दोघांचा हेतू वेगळा. फकीह आग फक्त कल्पनेत पेटवतो. वस्तू काय आहे हे ठरवून ती जशी आहे तशी परत करतो. स्त्रीने ते घड्याळ घालावे, पुरुषाने विकावे, बेटीला किंवा बहिणीला द्यावे, मेहरमध्ये लावावे, हे मार्ग मोकळेच आहेत. ते वितळवून टाका असे कुणी म्हटलेले नाही. जुन्या टँकचे लहान आकाराचे घड्याळ आज स्त्रीच्या हातात अगदी स्वाभाविक दिसते. जॅकलिन केनेडी ह्यांचे सोन्याचे टँक २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३,७९,५०० डॉलरला गेले. त्यात सोने असेल ते तोळ्या-दीड तोळ्याचे. बाकी किंमत कशाची होती हे सांगायला नको. जकातीचा प्रश्न मात्र संग्राहकाने टाळू नये. मी मुफ्ती नाही. पण स्त्रीच्या वापरातल्या दागिन्याला शाफई मजहबात मिळणारी सूट पुरुषाच्या पेटीतल्या सोन्याला लागू होणार नाही, एवढे कळते. ९ कॅरेटच्या केसचा हिशेब तर जाणकारालाच विचारावा, कारण तिच्यात सोन्यापेक्षा इतर धातूच अधिक.

संग्राहकांत मुसलमान राजेही होते आणि त्यांत इजिप्तचा शाह फारूक पहिल्या रांगेत. नाणी, तिकिटे, सोन्याच्या डब्या, घड्याळे, जे दिसेल ते त्याने जमवले. पुरुषांवरच्या बंदीची पर्वा त्याने केल्याचे दिसत नाही. १९५२ मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि १९५४ मध्ये नव्या सरकारने कैरोच्या कुब्बा महालात त्याच्या संग्रहाचा लिलाव पुकारला. त्यातले एक नाणे आपल्या विषयाशी दुरून जोडलेले आहे. अमेरिकेने १९३३ मध्ये २० डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली आणि चलनात न आणताच ती आटवायचा हुकूम दिला. थोडी बाहेर निसटली, त्यांतले एक फारूककडे पोहोचले. अमेरिकेच्या मागणीवरून ते लिलावातून काढून घेतले गेले, आणि त्या जातीचे जे एकमेव नाणे पुढे कायदेशीर ठरून २००२ मध्ये ७५ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, ते फारूकचेच असे मानतात. आटणीतून सुटणे हीच त्याची सारी दौलत.

घड्याळांना असा भाव यायला वेळ लागला. जिनिव्हात ओस्वाल्दो पात्रित्झी ह्याने १९७४ मध्ये जुन्या घड्याळांसाठी खास लिलावगृह सुरू केले. तेच पुढे अँटिकोरम झाले. त्याने घड्याळे कंपनीवार, विषयवार मांडली, जाडजूड सचित्र सूची छापल्या, १९८९ मध्ये एकट्या पटेक फिलिपचा लिलाव केला. वस्तूचे नाव, साल, मशीनचा क्रमांक छापून आला की सराफाकडे जाणारी वाट आपोआप अडते. अमेरिकेत चित्रकार अँडी वॉरहॉल टँक घालायचा आणि त्याला चावी मात्र द्यायचा नाही, वेळ बघायला ते नव्हतेच असे तो सांगे. १९८८ मध्ये त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा त्यात ३०० हून अधिक घड्याळे निघाली. शौक तो शौक! पण ज्या दशकात इतर लोक केस आटवत होते त्या दशकात हा माणूस त्या डबीत-पेटीत जपत होता, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे.

मुंबईच्या चोरबाजारातल्या कारागिरांच्या बाजूने मात्र कुणी काही लिहीत नाही. मटण स्ट्रीटच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या घड्याळे दुरुस्त करणारे बहुतेक आपलेच लोक. परदेशी संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक तुच्छतेचा शब्द रूढ आहे: तबकडी नव्याने रंगवलेली, मशीन एका घड्याळाचे, केस दुसऱ्याची. असे घड्याळ अस्सल म्हणून विकणे ही फसवणूकच, त्यात दुमत नाही, आणि ती होते. पण शब्द वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ज्या काळात सुटे भाग आयात होत नव्हते त्या काळात एका मेलेल्या घड्याळाच्या भागांनी दुसरे जिवंत ठेवणे, दमट हवेने काळवंडलेली तबकडी हाताने पुन्हा लिहून काढणे, ही दुरुस्तीच होती. गिऱ्हाईकाला वेळ दिसायला हवी होती, इतिहास नको होता. संग्राहकाला आज डागाळलेली पण मूळ तबकडी हवी असते. रंगवली की किंमत निम्म्याहून खाली येते. केसला पॉलिश केले तरी तेच. आयताचे कोपरे पॉलिशच्या चाकावर आधी गोल होतात, आणि दर खेपेला थोडे सोने चाकाला लागून जाते. तेव्हा ज्यांच्या घरी असे घड्याळ असेल त्यांनी ते चकाकवायला देऊ नये. नुसते उघडून आतला शिक्का आणि मशीनचा क्रमांक पाहून ठेवावा. पटेकसारख्या कंपन्या जुन्या नोंदवहीतून त्या क्रमांकाचा उताराही देतात.

ही सूचना आज करायचे कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारतात १० ग्रॅम सोने एक लाख रुपयांच्या वर गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक बाजारात औंसाने ४००० डॉलरची रेषा ओलांडली. कार्टिए आणि पटेक आता सुरक्षित आहेत. त्यांचे नाव त्यांना वाचवते. धोका आहे तो कमी नावाच्या घड्याळांना. त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये शेकडो लहान पेढ्या होत्या. त्यांनीही १८ कॅरेटचे आयत केले, चांगली लांबट मशिने बसवली. अशा घड्याळाचा लिलावातला भाव आणि त्यातल्या सोन्याचा भाव जेव्हा एकमेकांना भिडतात तेव्हा सराफ जिंकतो, कारण तो रोख देतो आणि त्याच दिवशी देतो. वारसांत वाटणी करायची असेल तर आणखीच सोपे. घड्याळाचे तुकडे शरीअतच्या हिश्शांत बसत नाहीत, सोन्याचे बसतात.

१९८० च्या आटणीचा माग आजही दिसतो. जुन्या मालाच्या बाजारात सुटी मशिने मिळतात. प्रिन्सची लांबट मशिने केसशिवाय विकली जातात आणि कुणी त्यांना नव्या केस करून घालतो. त्या केसवर शिक्का नव्या वर्षाचा असतो, आत मशीन नव्वद वर्षांचे. चावी दिली की चालते. दोन टोकांना बॅरल आणि बॅलन्स, मध्ये चाकांची ओळ, आणि भोवती कधीकाळी जो सोन्याचा आयत होता तो आता कुठल्याशा बांगडीत किंवा बिस्किटात आहे.